दसऱ्याआधी परस उघडताना: वाचकांचे प्रश्न

हस्ताच्या सरी अजून अधूनमधून येतायत, पण पहाटे गारवा जाणवतो आणि दुपारचं ऊन पाठीला चटका देतं. या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत. पावसाळ्यात मागचं दार उघडलंच नाही, आता दिवाळीआधी अंगण-परस कसं आवरायचं? मी सातारची. गेली २८ वर्षं आम्ही सहा बायका मिळून लोकांचे बंगले, दवाखाने, कार्यालयं यांची आवारं साफ करतो. हातानं करून पाहिलंय तेवढंच इथे लिहिते.

प्रश्न: ताई, शाहूपुरीत आमचं तीन गुंठ्यांत घर आहे. मी आणि मिसेस दोघंच असतो. जूनपासून मागच्या बाजूला कोणी फिरकलं नाही. आता गवत कमरेएवढं झालंय, त्यात गाजर गवत जास्त. माळी म्हणतो, तणनाशक मारू, आठ दिवसांत पिवळं पडलं की काडी लावू. मिसेसना सापाची भीती वाटते. काय करावं?
(एक निवृत्त वाचक, सातारा)

उत्तर: काका, फवाराही नको आणि काडी तर मुळीच नको. तणनाशकानं गवत वाळतं, पण जागचं हलत नाही. ते कापायला माणूस लागणारच. थोडी झुळूक आली की तोच फवारा तुमच्या जास्वंदीवर आणि शेजाऱ्यांच्या भाजीवर जातो. आणि गाजर गवताला पांढरी फुलं येऊन गेली असतील, तर बी तयार झालेलं असतं. झाड मारून बी मरत नाही.

या गवताची आपल्याकडे पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. एकेक झाड हजारो बिया टाकतं, म्हणून ते फुलायच्या आत उपटणं एवढाच त्याच्यावर खात्रीचा इलाज आहे. तुमच्याकडे काही झाडं फुललेली असणार आणि काही अजून जमिनीलगत पसरलेली, मुळ्याच्या पाल्यासारखी. आधी फुललेली घ्या. शेंडा न हलवता पिशवीत घालायचा, मग झाड उपटायचं. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हे काम काढा. खोड अगदी मातीजवळ धरलं आणि किंचित पिळून ओढलं की सोटमूळ सरळ बाहेर येतं. वाळल्या जमिनीत तेच झाड वरून तुटतं, आणि पंधरा दिवसांत बुडातून चार फुटवे उभे राहतात. तेव्हा जमीन ओली आहे तोवर हे उरका.

हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नाकाला रुमाल बांधा. या गवतानं अंगाला खाज येते, कातडी लाल होते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. आमच्यातल्या एका मावशींच्या मनगटावर दरवर्षी चट्टे उठायचे. त्यांनी जुने पायमोजे पंजा कापून कोपरापर्यंत चढवायला सुरुवात केली आणि ते थांबलं. फुललेली झाडं खतात घालू नका. काळ्या प्लास्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून उन्हात सडू द्या. न फुललेली मात्र खुशाल खतात जाऊ द्या.

आता सापाचं. मिसेसची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चारही विषारी साप आहेत. यातली घोणस पाल्यात पडून राहते आणि पाल्यासारखीच दिसते. सहा वर्षांपूर्वी गोडोलीच्या बाजूला एका बंगल्यात नारळाच्या झावळ्यांचा ढीग उचलायचा होता. आमच्यातल्या एकीनं हात घालून वरची झावळी ओढली, आणि खालून कुकरची शिट्टी दबून यावी तसा आवाज आला. लांबलचक, थांबतच नव्हता. ती जागीच थिजली, मग एकेक पाऊल मागे आली. झावळीच्या तपकिरी पात्यांत तपकिरी वेटोळं. एका हाताच्या अंतरावर असूनही डोळ्यांना ते वेगळं दिसेना. सर्पमित्राला बोलावलं, त्यांनी घोणस नेली. त्या दिवसापासून आमच्याकडे कोणताही ढीग आधी लांब दांड्याच्या दाताळ्यानं उलटतात, हात नंतर लागतो.

तुम्ही काम घराच्या भिंतीपासून सुरू करा आणि कुंपणाकडे सरकत जा. म्हणजे जे काही जनावर असेल ते पुढे पुढे होऊन बाहेर निघून जाईल. चारही बाजूंनी आत येत गेलात तर ते मध्ये कोंडतं आणि शेवटच्या कोपऱ्यात तुमच्या पायाशी येतं. गमबूट घाला, काठी आपटत चला, दिवेलागणीनंतर गवतात हात घालू नका. धामण दिसली तर जाऊ द्या. ती बिनविषारी आहे आणि तुमचे उंदीर खाते. कुणाला चावलंच, तर दोरीनं करकचून आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तो हात किंवा पाय हलू न देता थेट सरकारी जिल्हा रुग्णालय गाठायचं. उतारा तिथे मिळतो.

घराभोवती पाच-सहा फुटांचा पट्टा मात्र वर्षभर मोकळा ठेवा. तिथे लाकडं, विटा, जुन्या कुंड्या नकोत. त्या पलीकडे, झाडांखाली, कापलेलं गवत तीन-चार बोटं जाडीनं अंथरा, खोडापासून हातभर लांब. सगळीकडची माती उघडी पाडून झाडून काढायचा हट्ट धरू नका. ऑक्टोबरच्या उन्हात उघडी माती भाकरीसारखी भाजते.

प्रश्न: आम्ही सांगलीवाडीचे. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी घरात आलं. घर धुतलं, रंगवलं, पण परसातला गाळ तसाच राहिला. त्यावरच फरशा टाकल्या. आंब्याला मोहोर येत नाही, पानं बारकी झालीत, एका बाजूच्या फांद्या वाळल्या. खत वाढवू का?
(एक गृहिणी, सांगली)

उत्तर: ताई, खत आत्ता देऊ नका. तुमच्या झाडाचा गळा गाडला गेलाय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती, तिथे धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या पाण्यानं आणलेला गाळ फार बारीक असतो. ओला असताना लोण्यासारखा, वाळला की दगड. महापुरानंतर आम्ही सहाजणी आठ दिवस सांगलीत कामाला होतो. गावभागातल्या एका परसात माझं फावडं वीतभर खाली गेलं तरी जुनी जमीन लागेना.

झाडाचं खोड जमिनीत शिरताना किंचित पसरट होतं, हत्तीच्या पायासारखं. तो पसरट भाग तुम्हाला दिसतोय का, आधी हे बघा. खोड खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं दिसत असेल, तर वीतभर साल मातीखाली दबलीय. तिथे सतत ओल राहते आणि साल कुजते. वर मुळांनाही हवा मिळत नाही, त्यात फरशा बसवल्या म्हणजे उरलीसुरली हवाही बंद.

आधी खोडाभोवतीच्या फरशा काढा, निदान दोन हात सगळीकडून. मग खुरप्यानं आणि हातानं गाळ उकरा. कुदळ, टिकाव लावू नका, सालीला जखम होते. गाळात नव्या बारीक मुळ्या शिरलेल्या सापडतील. त्या एकदम उघड्या पाडू नका. आज अर्धी बाजू, पंधरवड्यानं दुसरी. खोडाचा पसरट भाग दिसू लागला की थांबा. साल काळी, मऊ झाली असेल तर ती जागा सुकू द्या, त्यावर शेणमातीचा लेप देऊ नका. बाहेरच्या भागात गाळ हातभर खोल सैल करून त्यात कुजलेला पाला आणि उसाचं पाचट मिसळा. तुमच्याकडे पाचटाला काय तोटा! शिवारात लोक ते पेटवून देतात, तुम्ही चार भारे मागून आणा. चिकट गाळ मोकळा करायला त्यासारखं स्वस्त काही नाही.

काढलेला गाळ टाकून देऊ नका. त्या पुराच्या पाण्यात गटारंही मिसळली होती, पण इतक्या वर्षांच्या उन्हा-पावसानंतर ती माती फुलझाडांना चांगली आहे. दिवाळीच्या किल्ल्याला तर याहून चांगली माती नाही. बुरूज ढासळत नाहीत, वर टाकलेले अळीवही छान उगवतात. पोरांना सांगा, खुरप्यासकट येतील.

आंबा या वर्षी मोहरेल असं मी म्हणणार नाही. नवी पालवी मोठ्या पानांची आली की झाड सावरतंय असं समजा. वाळलेल्या फांद्या आत्ता, थंडी पडायच्या आत कापून घ्या. आणखी एक विचारते: परसात तेव्हा पपई, शेवगा होता का? ती झाडं साचल्या पाण्यात आधी जातात. ती गेली असतील आणि आंबा तगला असेल, तर त्याच्यात अजून धमक आहे.

प्रश्न: मिरजेत माझं मंगल कार्यालय आहे, पुढे लॉन, कडेनं अशोक आणि नारळ. तुळशीच्या लग्नानंतर तारखा लागल्यात. दोन ठेकेदारांनी दर दिले, त्यातला एक निम्म्यात करतो म्हणतो. घ्यावा का?
(एक व्यावसायिक, मिरज)

उत्तर: दादा, निम्म्यात करणाऱ्याला एकच विचारा: निघालेला पाला कुठे जाणार? उत्तर "बघतो" असं आलं तर तो पाला रात्री तुमच्याच मागच्या कोपऱ्यात पेटणार किंवा ओढ्यात पडणार. ट्रॉलीचं भाडं आणि खाली करायची मजुरी वाचवूनच दर निम्मा होतो.

राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५ हजार रुपये भरपाई ठरवली. पण दंडासाठी मी हे सांगत नाही. थंडीच्या पहाटे हवा खाली बसलेली असते, धूर वर जात नाही. तो शेजारच्या खिडकीतून आत जातो आणि तिथे एखादं बाळ किंवा दम्याचे आजोबा झोपलेले असतात. मी सुरुवातीच्या वर्षांत सदरबझारच्या एका बंगल्यात पाल्याचा ढीग आंब्यापासून दहा फुटांवर पेटवला होता. ज्वाळा झाडापर्यंत गेल्या नाहीत, म्हणून मला वाटलं काही झालं नाही. मार्चमध्ये त्या बाजूची साल उभी तडकली आणि दोन मोठ्या फांद्या वाळल्या. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या सासऱ्यांनी लावलेलं झाड होतं ते. तेव्हापासून मी काडी लावलेली नाही.

तुमच्या मागच्या कोपऱ्यात तारेच्या जाळीचे दोन गोल पिंजरे करून घ्या, प्रत्येकी चार फूट रुंद, छातीएवढे उंच. चार पाट्या वाळका पाला, एक पाटी हिरवं कापलेलं गवत, वर घमेलंभर शेणकाला, असे थर द्यायचे. अशोकाची पानं चिवट असतात, ती आधी गवत कापायच्या मशिनखालून काढून बारीक करा. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला हवा. चार दिवसांनी मधोमध लोखंडी सळई खुपसा, पाच मिनिटांनी काढून हातात धरा. सळई गरम लागली की काम सुरू झालं. गार असेल तर हिरवं कमी पडलंय. दर पंधरा दिवसांनी वरखाली केलं तर होळीपर्यंत तुमच्या लॉनपुरतं खत घरचं होईल.

कार्यालयाच्या कचऱ्यात एक गोष्ट जपा. लग्नात उडवतात ते चमकीचे कागद, टाचण्या, टूथपिक, हारांच्या तारा आणि नायलॉनचे दोरे लॉनच्या मुळाशी बसतात. मशिन फिरवायच्या आधी दोन बायका वाकून ते वेचायला लावा. मशिननं एकदा चमकी चिरडली की ती कधीच निघत नाही. दसऱ्याच्या झेंडूचा मात्र एकही हार बाहेर जाऊ देऊ नका. दोरा ओढून काढा आणि फुलं पिंजऱ्यात टाका.

पावसात वाढलेलं लॉन एका झटक्यात बुडाशी कापू नका, खालून पिवळं पडतं. वरचा तिसरा हिस्सा कापा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. तुळशीच्या लग्नाआधी तीन कापण्या बसतात, म्हणून काम या आठवड्यातच सुरू करायला हवं. ब्रश कटर वापरणार असतील तर गाड्या लांब काढा, खडे उडतात. आणि त्याला नारळाच्या रोपांजवळ, कोवळ्या झाडांजवळ जाऊ देऊ नका. नायलॉनची दोरी साल गोल सोलते, आणि खोडाभोवती पूर्ण कडं सोललं गेलं की झाड जातं. झाडाभोवतीचं गवत विळ्यानंच. हे सगळं ठेक्याच्या कागदावर लिहून घ्या. महाग असलेला ठेकेदार हे लिहून द्यायला तयार असेल तर तोच स्वस्त पडेल.

प्रश्न: शेजाऱ्यांच्या देशी बदामाची पानं रोज आमच्या अंगणात. दिवसातून दोनदा झाडते. फांद्या कापा म्हटलं तर भांडण. तक्रार करावी का?
(कराडहून एक ताई)

उत्तर: करू नका ताई, निदान आत्ता नको. बदाम पानं लाल करून एकदम ढाळतो आणि वर्षातून दोनदा तरी ढाळतो. पण तो काही रोज ढाळत नाही, तीनेक आठवड्यांत ओसरतो. शहरात झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली पालिकेची परवानगी लागते, आणि मनमानी छाटणीनं झाडाला इजा केली तरी ती त्याच कायद्यात येते. शेजाऱ्यांशी बोलताना "कापा" म्हणू नका. "तुमची पानं मी पोत्यात भरून ठेवते, तुमच्या खतासाठी घेऊन जा" म्हणा. आमच्या दोन घरांतलं असंच भांडण एका पोत्यानं मिटलं. आणि दोनदा झाडू नका, संध्याकाळी एकदाच, खराट्यानं.

प्रश्न: साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. आवार साफ आहे, तरी दोन कामगारांना डेंग्यू झाला. कुठे चुकतंय?

उत्तर: जमीन सोडा, वर चढा. शेडच्या पन्हळीत पाला अडकून पाणी साचलेलं असेल, तिथे बघा. मग एसीच्या पाण्याखालचा डबा, झाकण नसलेला पिंप, भंगारातले टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या, ताडपत्रीच्या सुरकुत्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात, भांड्याच्या कडेला अंडी घालतो आणि ती अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून पाणी नुसतं ओतून उपयोग नाही, भांडं आतून घासायचं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, तेव्हा आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या वारी एकाच माणसावर हे काम सोपवा. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कुणाचंच राहत नाही.

प्रश्न: वाईजवळ आमचं घर आहे. खताचा खड्डा उपसला तर आत अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या. शेजारी म्हणतात हुमणी आहे, सगळं खत फेकून द्या. खत मुलीनं वर्षभर जमवलंय.
(एक वाचक, वाई)

उत्तर: मुलीला सांगा, खत फेकायचं नाही. हुमणी जिवंत मुळं खाते, ती ऊस, हळद, लॉन यांच्या मुळाशी सापडते. नुसत्या कुजलेल्या खतात राहणाऱ्या अळ्या बहुतेक दुसऱ्याच भुंग्यांच्या असतात आणि त्या खत बारीक करून देतात. पण तुम्ही लिहिता अंगठ्याएवढ्या. मग त्या गेंड्या भुंग्याच्या असू शकतात, आणि तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या दारात नारळ असेल तर त्या तिथे ठेवून चालणार नाही. हा भुंगा कुजलेल्या शेणखतात वाढतो आणि मोठा झाला की नारळाचा कोवळा कोंब पोखरतो. नारळाचं नवं पान उलगडताना कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखं दिसलं, की तो आलाच म्हणून समजा.

खत ताडपत्रीवर पातळ पसरा आणि कोंबड्या सोडा. कोंबड्या नसतील तर दाताळ्यानं पसरत राहा, साळुंख्या दहा मिनिटांत येतात. दुपारपर्यंत एक अळी उरत नाही. संध्याकाळी खत चाळून पोत्यात भरा. चाळणीवर राहिलेल्या काड्या-काटक्या नव्या खड्ड्याच्या तळाला घाला, पाणी निचरायला बऱ्या पडतात. आणि यापुढे तयार झालेलं खत पावसाळाभर खड्ड्यात पडू देऊ नका, मे महिन्यात काढून वापरा. मुलीनं पहिलं पोतं कशाला घातलं ते मला जरूर कळवा.